आजीची अळंबी आणि लसणाची परीक्षा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘आजीने जन्मभर रानातली अळंबी खाऊ घातली, कुणाला काही झालं नाही. किडे खातात ती आणि शिजवताना लसूण काळा पाडत नाही ती अळंबी निर्धोक. तुम्ही उगाच घाबरवता. आता नव्या घरामागे तशीच उगवलीय, रविवारी भाजी करणार आहे.’ शेवटचं वाक्य वाचून धस्स झालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुमच्या आजींवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यांना ठाऊक होती ती ठरावीक जागची, ठरावीक दिवसांत येणारी अळंबी. जागा बदलली की तीच नजर फसते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या लोकांचं असंच झालं. पेंढ्यावर उगवणारी ओळखीची अळंबी समजून त्यांनी डेथ कॅप ही जीवघेणी विषारी अळंबी खाल्ली, काही जण दगावले. कोवळी असताना दोन्ही अंड्यासारख्या दिसतात, दोन्हींच्या बुडाशी पिशवी असते. वाढल्यावर पेंढ्यावरच्या अळंबीची बीजाणूंची भुकटी गुलाबीसर पडते, डेथ कॅपची पांढरी. हे भाजी निवडताना कोण बघतं?

लसणाचं म्हणाल, तर डेथ कॅपमधल्या अ‍ॅमाटॉक्सिन या विषाने तो काळा पडत नाही. गोगलगायी ती खुशाल खातात. शिजवून, वाळवून विष जात नाही. चवही चांगली लागते, असं ती खाऊन बचावलेल्यांनीच सांगितलंय.

शिवाय हे विष साधारण ६ ते १२ तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच जाणवू देत नाही. मग उलट्या, जुलाब. त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. मला यातलं सगळ्यात क्रूर हेच वाटतं. मोठ्या माणसाचा जीव जायला एका डेथ कॅपची वरची अर्धी छत्रीही पुरू शकते. म्हणून शंका आली तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता, उरलेली अळंबी घेऊन थेट रुग्णालयात जायचं.

घरामागची अळंबी देठाला धरून उपटू नका. पिशवी मातीतच राहते आणि मुख्य खूणच हरवते. खुरप्याने मातीसकट काढा आणि कवकांच्या जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. मला फोटो पाठवलात तरी ‘खा’ असं मी सांगणार नाही. रविवारी दुसरी भाजी करा, एवढी विनंती.