दुधाच्या पिशवीचा कोपरा

गेल्या रविवारी सोसायटीच्या खड्ड्यातलं खत चाळायला आम्ही चौघीजणी बसलो होतो. केळीची सालं, भाजीची देठं, चहाचा चोथा, सगळ्याची छान काळीभोर माती झालेली. आणि चाळणीत वर काय उरलं? दुधाच्या पिशव्यांचे कापलेले त्रिकोणी कोपरे. एकशे साठपर्यंत मोजले आणि पुढे मोजवेना. सोबत बिस्किटाच्या पुड्याची लाल पट्टी, सॉसच्या पुडीचं फाडलेलं टोक, सफरचंदावरचे स्टिकर. कोपऱ्यांवरची निळी छपाईसुद्धा शाबूत होती, जणू त्याच दिवशी सकाळी कापलेत.

आमचे २४ फ्लॅट. घरटी दोन पिशव्या धरल्या तर रोजचे ४८ कोपरे, वर्षाचे साडेसतरा हजार. एका इमारतीचे!

पिशवी आपण मनापासून धुतो, वाळवतो, सुक्या कचऱ्यात देतो. ती विकलीही जाते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, वितळवून पुन्हा वापरता येते. कोपराही त्याच प्लास्टिकचा, पण त्याला कुणी विचारत नाही. पुण्यात सुका कचरा हातानं निवडला जातो. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. २००८ पासून त्यातल्या बायका घरोघर जाऊन हे काम करतायत. भंगार किलोवर जातं. असे किती कोपरे जमवले म्हणजे एक किलो होईल? आमच्याकडे येणाऱ्या ताई म्हणाल्या, “पिशवी हातात येते ओ, हा तुकडा नखानं काढावा लागतो. तेवढ्यात माझ्या चार बाटल्या होतात.” आपण आळसानं टाकलेल्या तुकड्यासाठी त्यांची रोजी का बुडावी?

म्हणून हात जोडून सांगते, कोपरा तोडू नका. कात्रीनं चीर द्या आणि शेवटचा अर्धा सेंटिमीटर जोडलेला राहू द्या. दूध ओतताना ते टोक दोन दिवस मध्ये मध्ये येतं, मग हात बसतो. मसाल्याच्या, शेवयांच्या पाकिटांनाही हेच.

बाटलीचं झाकणही सुटं टाकू नका. बाटली रिकामी करून, चेपून, झाकण परत लावून द्या. बाटली आणि झाकण वेगवेगळ्या प्लास्टिकचे असतात हे खरं, पण कारखान्यात चुरा करून पाण्यात टाकला की बाटलीचा चुरा तळाशी बसतो आणि झाकणाचा वर तरंगतो. वेगळं करण्याचं काम तिथे पाणीच करतं. सुटं झाकण मात्र तिथवर पोचतच नाही, गटाराच्या जाळीत अडकतं.

शाम्पूच्या पुडीपुढे मात्र आपलाही इलाज चालत नाही आणि इथे मला खरंच राग येतो. वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवून ती बनवलेली असते, ते थर सुटे करणं परवडत नाही. गोळ्यांच्या पाकिटाचं तेच, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक एकजीव. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी असं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. मग गल्लीबोळात पुडी पोचवणाऱ्याला ती परत नेता का येऊ नये? १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या कानकाड्या, स्ट्रॉ, आइस्क्रीमच्या काड्या देशभर बंद झाल्या. काडी बंद करता येते, तर एवढीशी पुडीही बंद करता येईल. मी घरापुरती ती बंद केली आहे, मोठी बाटलीच आणते. पण हातावर पोट असणाऱ्याला महिन्याची बाटली एकदम घेता येत नाही, त्याला दोष देणार नाही. दोष बनवणाऱ्याचाच.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. पन्नास वर्षं कोपरा कापून टाकायची सवय. सोमवारी त्यांना चाळणीतले कोपरे नेऊन दाखवले. काही बोलल्या नाहीत. मंगळवारी सकाळी मोरीवरच्या दोरीला धुतलेली पिशवी चिमट्यात अडकवलेली होती आणि तिचा कोपरा तिलाच लोंबत होता.

पुढचं खत दिवाळीआधी चाळणार आहोत. मी पुन्हा मोजणार आहे.