पहिला ग्रुप, चष्मा (पुन्हा)

"पुन्हा का?"

झेरॉक्सवाल्या काकांनी एवढंच विचारलं. तेही वर न बघता, पानं मोजता मोजता. पण त्यांचा आवाज असा की मशीनची घरघर ओलांडून तो समोरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचतो. माझ्यामागे रांगेत सहाजण होते. त्या सहाही जणांनी आधी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

ही परवाची गोष्ट. राग अजून उतरलेला नाही म्हणून लिहून काढतेय. खरं तर आत्ता मी ऑडिटचा चौथा चॅप्टर वाचत असायला हवं. १९ दिवस राहिलेत.

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सीए फायनलला दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर. प्रत्येक पेपरात किमान ४० हवेत आणि तिन्ही मिळून ३०० पैकी १५०. मागच्या खेपेला मला एफआरमध्ये (फायनान्शियल रिपोर्टिंग) ४६, एएफएममध्ये (ॲडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) ५८ आणि ऑडिटमध्ये ४२ मिळाले. बेरीज करायला सीए व्हावं लागत नाही. १४६. चार मार्कांनी ग्रुप गेला. शिवाय एएफएमला आणखी दोन मिळाले असते तर ६० होऊन निदान त्या पेपरातून सूट तरी मिळाली असती. म्हणजे एकाच मार्कलिस्टवर मी दोनदा हुकले. उत्तरपत्रिकेची प्रत मागवून बघितली, तर एफआरच्या चार मार्कांच्या एका उपप्रश्नावर मी सहा पानं खर्ची घातली होती आणि शेवटच्या १४ मार्कांच्या प्रश्नाचा नुसता क्रमांक लिहून खाली रेघ मारली होती. रेघ मात्र पट्टीने, सुबक.

आमच्यात कुणी 'नापास' म्हणत नाही. 'नाही झालं' म्हणतात. 'झालं का?' 'नाही झालं.' ऐकणाऱ्याला वाटावं लग्नाबद्दल चाललंय. बसण्याचंही तेच. मराठीत परीक्षेला 'बसतात'. मामी दर दिवाळीला विचारते, "अजून बसतेयस का गं?" जणू मी कोंबडी आहे आणि खालून काही निघायचं चिन्ह दिसत नाही. त्यात २०२५ मध्ये फायनल वर्षातून तीनदा झाली. पूर्वी दोनदाच नाही व्हायचं, तेव्हा तिसऱ्यांदाही सोय झाली. मामीचं कामही वाढलं.

तर काका. काका आमच्या अभ्यासिकेच्या खाली गेली बावीस वर्षं दुकान टाकून आहेत. अर्ध्या ठाण्याचं आधार कार्ड, पॅन कार्ड आणि भाडेकरार त्यांच्या काचेखालून गेलेत. शिक्षण किती ते माहीत नाही, मतं मात्र पदव्युत्तर. मी चार वेगवेगळ्या सरांची रिव्हिजनची पुस्तकं, मागच्या पाच अटेम्प्टचे आरटीपी (सीएच्या संस्थेचे सरावप्रश्न) आणि दोन मॉक (सराव परीक्षेचे पेपर) असा गठ्ठा पुढे केला होता. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि भाजीवाल्यासारखा खालीवर झुलवला.

"पंचवीस नंबरचा स्पायरल लागेल," म्हणाले. "कमीत कमी दोन."

"लावा की मग."

"लावतो. पण होणार नाही."

"काय होणार नाही? स्पायरल?"

"ग्रुप."

रांगेत शांतता पसरली. आधार कार्ड घेऊन आलेल्या एक काकू तर चक्क दोन पावलं पुढे सरकल्या.

"मी बावीस वर्षं बघतोय मॅडम," काकांनी मशीनचं झाकण उघडलंच नाही, त्यावर कोपर टेकवलं. मी तिथेच ओळखलं की आता सुटका नाही. "होणारी पोरं शेवटच्या महिन्यात माझ्याकडे येतच नाहीत. आली तर बारा नंबरचा स्पायरल. त्यातही स्वतःच्या अक्षरातलं. वाचता येणार नाही असं अक्षर. मी म्हणतो, अरे हे काय आहे? म्हणतात, माझं मला कळतं. ती पोरं पेढे घेऊन येतात. पंचवीसवाली पोरं परत पंचवीस घेऊन येतात."

"काका, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते."

"पद्धत वेगळी, स्पायरल एकच," काका म्हणाले. मागून कुणीतरी हसलं. अकरावीतला पोरगा होता. त्याच्या वयाला मला अकाउंट्समध्ये ९८ होते, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण प्रसंग तो नव्हता.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे की माणूस बरोबर बोलत होता. आमच्याकडे ज्याला 'दीड दिवसाची रिव्हिजन' म्हणतात, तिचं गणित मीच एक्सेलमध्ये मांडलंय, सात रंगांत. (रंग भरायला चार तास गेले. त्या चार तासांत लीजेसचा चॅप्टर झाला असता.) पेपर दुपारी दोन ते पाच. दोन पेपरांत एक दिवस मोकळा. म्हणजे एका पेपरातून सुटल्यापासून दुसऱ्याला बसेपर्यंत ४५ तास. त्यातून दोन रात्रींची झोप बारा तास, जेवणखाण, येणंजाणं, पेपरानंतर तासभर भिंतीकडे बघणं आणि आई 'कसा गेला' विचारते तेव्हा द्यायची उत्तरं, हे सगळं वजा केलं की २६-२७ तास हातात उरतात. त्या २६ तासांत जे दोनदा डोळ्यांखालून जाऊ शकत नाही, ते आज गोळा करून उपयोग शून्य. हे मला पाठ आहे. तरीही अटेम्प्ट जवळ आला की हात शिवशिवतात. कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, 'अमक्या सरांचे चार्ट, फक्त ९० पानं, गॉडसेंड', आणि मी जिना उतरून काकांच्या दारात. गठ्ठा हातात आला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. वाचायची घाईच राहत नाही.

काकूंना राहवलं नाही. "सोडून का नाही देत गं? बँकेच्या परीक्षा असतात की. माझ्या पुतण्याने..."

पुतण्याचं पुढे काय झालं ते मी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात काका स्टुलावर चढले होते. माळ्यावरून त्यांनी धुळीने माखलेलं एक पुडकं काढलं आणि काउंटरवर आपटलं.

"आधी हे न्या."

मग एक वही उघडली. लाल पुठ्ठ्याची, लांबट. काका गिऱ्हाइकांची नावं विचारत नाहीत, खुणेवर लिहितात. तिथे स्वच्छ अक्षरात होतं: 'पहिला ग्रुप, चष्मा (पुन्हा). लॉ चार्ट रंगीत ३४ पानं. ३४० बाकी. नोव्हें. २०२३.'

बघा, 'पुन्हा' तेव्हाही होतं.

आठवलं. नोव्हेंबर २०२३, जुन्या अभ्यासक्रमाचा शेवटचा अटेम्प्ट. पेपरच्या आदल्या आठवड्यात लॉचे चार्ट छापायला टाकले होते आणि घाबरून न्यायलाच आले नाही. पुढे मे २०२४ पासून नवी योजना आली आणि लॉचा पेपर ग्रुपमधून उठलाच. आता तो आपला आपण ऑनलाइन शिकून, परीक्षा देऊन, ५० टक्के मिळवून मोकळं व्हायचं. तो मी देऊन टाकलाय, पासही झालेय. म्हणजे काका मला मेलेल्या पेपरचे चार्ट पूर्ण किमतीत विकत होते.

आता मी पेटले. "काका, हे मी नेलेलेच नाहीत. मालावरचा ताबा गिऱ्हाइकाकडे गेला की मगच विक्री झाली म्हणतात. इंड एएस ११५ आहे त्यासाठी." (म्हणजे विक्रीचे पैसे उत्पन्न म्हणून कधी धरायचे ते सांगणारं हिशेबाचं मानक.) मागे सहाजण होते, त्यामुळे आवाजही चढला. आयुष्यात पहिल्यांदा ते ज्ञान परीक्षेच्या बाहेर कामाला येत होतं.

"ताबा कसला? अडीच वर्षं माझा माळा अडवलाय यांनी."

"मग दुसऱ्या कुणाला विकायचे होते."

काकांनी पुडक्याचा दोरा सोडला. वरचं पान दोन बोटांत धरून ट्यूबलाइटसमोर उंच केलं, सगळ्यांना दिसेल असं. पानाच्या मधोमध, तिरक्या, फिक्या निळ्या अक्षरांत, माझ्याच सांगण्यावरून छापलेलं: 'हाच शेवटचा अटेम्प्ट!!'

काकांनी ते मोठ्याने वाचलं. उद्गारचिन्हांसकट वाचलं, कसं ते मला सांगता येणार नाही.

"हे कुणाला विकू?" ते म्हणाले. "प्रत्येक पानावर आहे." आणि बोट वर केलं. त्यांच्या डोक्यावर पाटी होती: 'ऑर्डरचा माल न नेल्यास पूर्ण पैसे घेतले जातील.' ती पाटी अडीच वर्षांपूर्वीही तिथेच होती.

आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण त्याच इंड एएस ११५ मध्ये पुढे एक कलम आहे. वस्तू अशी बनवली की ती बनवणाऱ्याला दुसरीकडे वापरता येत नाही, आणि झालेल्या कामाचे पैसे मागायचा त्याला पक्का हक्क आहे, तर ताबा नंतर नव्हे, काम होत जाईल तसतसा गेला असं धरायचं. खास माझ्यासाठी छापलेले चार्ट. भिंतीवर पाटी. दोन्ही अटी पूर्ण. मी एक चुकांची वही ठेवते. मॉकमध्ये जे चुकतं ते त्यात लाल पेनाने उतरवायचं आणि शेवटच्या आठवड्यात फक्त तीच वाचायची. पुन्हा बसणाऱ्याकडे पहिलटकरापेक्षा जास्त काय असतं, तर आपण नेमकं कुठे पडतो याची यादी. त्या वहीत हे कलम दोनदा आहे. दोन्ही वेळा मी 'ताबा गेलेला नाही' लिहून मार्क घालवले होते. आणि आता तिसऱ्यांदा, झेरॉक्सच्या दुकानात.

मी मोबाइल काढला. क्यूआर स्कॅन केला. काउंटरवरचं खोकं शुद्ध बाईच्या आवाजात बोललं, "तीनशे चाळीस रुपये प्राप्त झाले." इस्त्रीवाल्याने वर बघितलं.

"आणि हा गठ्ठा?" काकांनी विचारलं.

मी चार सरांपैकी तीन सर परत पिशवीत घातले. काकांवरचा राग म्हणून. त्यांना वाटलं असेल पटलं. बारा नंबरचा स्पायरल लागला. काका काही बोलले नाहीत, फक्त स्पायरल लावताना मान हलवली. त्याचाही मला राग आला.

घरी आल्यावर अभ्यास होणं शक्यच नव्हतं. सल्ले देणाऱ्यांना काय जातं? टॉपर मुलाखतीत सांगतात, एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचा. दुपारी दोन ते पाच घड्याळ लावून पेपर लिहा, मेंदूला त्या वेळेची सवय होते. पहिली पंधरा मिनिटं वाचायला मिळतात, त्यात पाचपैकी कुठले चार प्रश्न सोडवायचे ते ठरवा. वर्किंग नोट लिहा, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. सगळं खरं आहे. मी हे ज्युनिअर आर्टिकल्सना (ऑफिसातल्या शिकाऊ पोरांना) स्वतः सांगते, आणि त्यातली दोन पोरं माझ्याआधी सीए झाली. माझ्या ऑफिसात एकीच्या टेबलावर आता तिच्या सहीचा शिक्का आहे. ती मला अजून 'दीदी' म्हणते. शिक्का मारताना जरा हळू मार, एवढंच माझं म्हणणं आहे.

रात्री दीड वाजता काकांनी दिलेली पावती हाताला लागली. उलटून बघितली तर मागे कंपनी कायद्याचं कलम १८५, संचालकांना कर्ज. वर तिरकं, निळं: 'हाच शेवटचा अटेम्प्ट!!' मी उठून पुडकं मोजलं. २३ पानं. चौतीसपैकी ११ पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर काका अडीच वर्षं गिऱ्हाइकांना बिलं लिहून देत होते. म्हणजे माझी ती दोन उद्गारचिन्हं ठाण्यातल्या कुठल्या कुठल्या घरांत जाऊन पोचली असतील.

पण माझं लक्ष तिथे नव्हतं. वस्तूचा दुसरा वापर होता! झालेला होता! पुरावा हातात होता! मी पुस्तक उघडलं. खाली बारीक अक्षरात स्पष्टीकरण: दुसऱ्या वापरात मोठं नुकसान सोसावं लागत असेल, तर तो दुसरा वापर धरता येत नाही. दहा रुपयांचं रंगीत पान, कच्च्या बिलासाठी. लाल पेन घेतलं आणि वहीत तिसऱ्यांदा लिहिलं.

तरी सकाळी खाली गेलेच. कलम राहू दे, ११ पानं तुम्ही वापरलीत, त्याचे ११० परत द्या, एवढं तर अकरावीतलं पोरगंही सांगेल. काकांनी वाद घातला नाही. पानं मोजली, लाल वही उघडली, माझ्या ओळीखाली लिहिलं: 'चष्मा. ११० जमा.'

"रोख द्या ना."

"सुट्टे नाहीत," काकांनी वही मिटली. "पुढच्या वेळी वळते करून घेऊ."