किलोला चौदा हजार

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, गणपती बसले त्याच संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "बाइक घेतली. बघायला ये."

गाडी घेतलेल्या माणसाला मराठी माणूस पहिला प्रश्न जो विचारतो तोच मी विचारला. "एव्हरेज किती देते?"

"सव्वीस."

सव्वीस म्हणजे वाईटच. पण घेऊन झालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत, एवढं वळण आईने लावलंय. "नवीन आहे ना," मी म्हणालो, "पहिलं सर्व्हिसिंग झालं की वाढेल."

"नाही रे, मांड्या तयार झाल्या की वाढेल."

तेव्हा कळलं की हा सायकलबद्दल बोलतोय. सव्वीस म्हणजे ताशी सव्वीस किलोमीटर, आणि पेट्रोलच्या जागी स्वतः मिलिंद.

मला बोलावण्याचं कारण असं की आमच्या मित्रमंडळात सायकल अजून वापरणारा मी एकटाच. 2009 साली घेतलेली, काळी, कॅरिअरवाली. दूध, दळण आणि रद्दी एवढाच तिचा प्रवास. तेवढ्यावर मी तज्ज्ञ ठरलो. "पैसे वसूल झाले का, ते तू सांगायचं. अगदी खरं सांग," असं त्याने दारातच बजावलं आणि हातावर पेढा ठेवला. पेढा देऊन मागितलेलं खरं मत किती खरं असावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

सायकल हॉलमध्ये, गणपतीच्या शेजारी, भिंतीला टेकून उभी होती. भिंतीला, कारण तिला स्टँड नव्हता. मी एकेक बघत गेलो. घंटी नाही. मडगार्ड नाही. कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, कुलूप नाही. सीट होती, पण ती मी तरी अडकित्ता समजलो असतो.

"आणि पायडलही सोबत येत नाहीत," मिलिंद अभिमानाने म्हणाला. "ते वेगळे घ्यावे लागतात. चांगल्या सायकलींचं तसंच असतं."

माझ्या सायकलीला हे सगळं होतं, शिवाय दुकानदाराने सीटकव्हर फुकट दिलं होतं. इथे किंमत जसजशी वाढते तसतशा वस्तू कमी होतात. याच हिशोबाने आणखी लाखभर टाकले असते तर बहुधा नुसतं बिलच हातात आलं असतं.

बिल मात्र भरगच्च होतं. एक लाख वीस हजार, त्यावर बारा टक्के जीएसटी, एकूण 1,34,400.

मग गिअरवर व्याख्यान झालं. शिमानो या जपानी कंपनीने गिअरची उतरंड लावून ठेवलीय: क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, मग वन-ओ-फाइव्ह, अल्टेग्रा आणि शेंड्यावर ड्युरा-एस. मी मनातल्या मनात जनरल, स्लीपर, थर्ड एसी असं लावत गेलो, तेव्हा कुठे कळायला लागलं. मिलिंदची टियाग्रा. म्हणजे थर्ड एसी, साइड अप्पर. "वन-ओ-फाइव्ह थोडक्यात हुकली," असं तो म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेटिंग लिस्टवरच्या माणसाची कळा होती.

एवढ्यात काकू, म्हणजे मिलिंदची आई, आरतीचं तबक घेऊन आल्या. तबक एका हातात तसंच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने सायकल दांडीला धरून सहज वर उचलली.

"हलकी दिलीय रे तुला," त्या म्हणाल्या.

"हो ना!" मिलिंद खुलला. "नऊ किलो सहाशे!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. तुळशीबागेत पातेल्याचं बूड हातात तोलून बाई दुकानदाराकडे बघते, तसं. आता यात काकूंचं काय चुकलं? आपल्याकडे भारी म्हणजे उत्तम आणि हलकं म्हणजे कमअस्सल. भारी साडी, हलका माल. आपली भाषाच तराजू घेऊन बसलेली आहे. आणि मिलिंदने आयुष्यात पहिल्यांदा अशी वस्तू घेतली होती, जी हलकी असल्यामुळे भारी होती.

"म्हणजे किलोला काय पडली?" काकूंनी विचारलं.

खरं म्हणजे हा प्रश्न हसून सोडून द्यायचा होता. पण मी हिशोब केला, आणि दुर्दैवाने तो पूर्ण भाग जाऊन आला. किलोला चौदा हजार. माझी सायकल वीस किलोची, तेव्हा तीन हजार चारशेला घेतली होती. किलोला एकशे सत्तर. म्हणजे स्टीलच्या डब्यांचाच भाव, वर चाकं फुकट.

मिलिंदने शर्यतींचा दाखला काढला. सायकलिंगच्या जागतिक संघटनेचा नियमच आहे की शर्यतीतली सायकल सहा किलो आठशे ग्रॅमपेक्षा हलकी चालत नाही. कंपन्या त्याच्याही खाली जाऊ शकतात, म्हणून मग काही संघांना सायकलीला मुद्दाम वजन चिकटवावं लागायचं.

"मग आधीच जड घ्यायची," काकू म्हणाल्या आणि आरतीला सुरुवात झाली. त्या आरतीत मिलिंदने टाळ जरा रागाने वाजवले असं मला वाटलं.

खरा घाव आठवडाभराने बसला. गणपतीचं विसर्जन व्हायच्या आतच बातमी आली की सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर येणार, 22 सप्टेंबरपासून. मी तो पेपर घडी घालून रद्दीत सगळ्यात खाली ठेवला, जणू मिलिंद बातम्या माझ्याच घरी येऊन वाचतो. हिशोबही मी करणार नव्हतो. पण डोकं थांबेना: आठ हजार चारशे. अनंत चतुर्दशीला तो भेटला तो सुतकी चेहऱ्यानेच. काकूंना तारखेचं वेगळंच लागलं होतं. "22 ला घटस्थापना आहे. मी म्हटलं होतं याला, घटस्थापनेपर्यंत दम धर." त्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं, पण पैशांच्या बाबतीत आयांना मागाहून आठवतं ते पुराव्यात धरायचं असतं.

माझा निकाल अजून बाकीच होता. शेवटी "एकदा सोबत चल, मग कळेल तुला" म्हणून एका रविवारी पहाटे खडकवासल्याला निघालो. राजाराम पूल ओलांडेपर्यंत मिलिंद दिसेनासा झाला. सव्वीसचं एव्हरेज खरं होतं, मान्य. पुढे नांदेड फाट्याजवळ तो पुन्हा दिसला. पंक्चरच्या दुकानासमोर, सायकल बाळासारखी दोन्ही हातांत धरून. खाली ठेवता येत नाही ना.

दुकानदाराने पंक्चर पाच मिनिटांत काढलं, पण हवा भरायला गेला तर त्याच्या नळीचं तोंड बसेना. मिलिंदच्या ट्यूबला बारीक, पितळी, डोक्यावर फिरकी असलेला व्हॉल्व्ह. त्याला जोडायचं टोपण मिळतं, पन्नासएक रुपयांना. ते घरी होतं.

"किती भरायची असती, दादा?"

"नव्वद."

"मोटरसायकलला तीस भरतो मी," तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

मग मिलिंदने खिशातून स्वतःचा पंप काढला. वजन फक्त शंभर ग्रॅम, आणि हवाही तो त्याच बेताने सोडत होता. आळीपाळीने आम्ही तो तीनशे वेळा तरी मारला. तेवढ्यात कॅरिअरला दुधाचे कॅन लावलेली एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली, आणि तिच्यावरच्या आजोबांनी घंटीही वाजवली.

धरणावर पोचलो तर नवा पेच. भजीच्या गाडीला टेकवावी तर गरम तेल, कठड्याला टेकवावी तर रंग खरवडतो, झाडाला मुंगळे. कुलूप नाहीच, ते सव्वा किलोचं असतं. मिलिंदने भोवताली बघितलं आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, "तुझ्या सायकलला टेकवू?"

मी माझा स्टँड खाली पाडला. खाडकन आवाज झाला. चौदा हजार रुपये किलोची सायकल एकशे सत्तर रुपये किलोच्या सायकलीच्या खांद्यावर मान टाकून निवांत उभी राहिली.

कांदाभजी आली. "हं, आता सांग," मिलिंद म्हणाला. "वसूल की नाही?"

मी तोंडात भजी कोंबली आणि तिच्या आडून विचारलं, "हिला स्टँड बसवून मिळत नाही का रे?"

"मिळतो. पण तीनशे ग्रॅम वाढतात," असं म्हणून त्याने आणखी एक प्लेट सांगितली.