पाचशे एक

गणपतीच्या आधी महिनाभर आमच्या घरात एक कवायत चालते. जिन्यात चार-पाच चपलांचा फटफट आवाज आला की टीव्ही बंद, दिवा बंद, दाराबाहेरच्या चपला आत. मग मी दाराच्या भिंगाला डोळा लावते. बाहेर मंडळाची मुलं, हातात पावतीपुस्तक. भिंगातून त्यांची नाकं भरताच्या वांग्याएवढी दिसतात. बेल तीनदा वाजते. "काकू आत आहेत रे, आत्ताच शिट्टी झाली कुकरची," असं त्यातला एक शहाणा म्हणतो आणि वरात वरच्या मजल्यावर जाते. हे मी अकरा वर्षं केलं. बाराव्या वर्षी पावतीपुस्तक माझ्याच हातात आलं.

झालं असं, की मी दिवसा एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि रात्री ओटा आवरला की टॅबवर चित्रं काढते. 'लिफ्ट बंद आहे' नावाचं माझं वेबकॉमिक आहे, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा. डोंबिवलीतली एक सात मजली सोसायटी, एक सेक्रेटरी, एक नारिंगी बोका आणि तीन वर्षांत एकदाही न चाललेली लिफ्ट, एवढाच संसार. दर शुक्रवारी एक भाग. वाचक हळूहळू अकरा हजारांवर गेले आणि त्यातले दोघे-तिघे रोज लिहू लागले, "ताई, याचं पुस्तक काढा ना!"

मी अकाउंट्सची बाई. उधारीवर माल नेणारा गोड बोलतो हे मला पगारी कळतं. तरी 'काढा ना'ला मी भुलले. अकरा हजारांतले निम्मे सोडा, दहा टक्के सोडा, पाच टक्के तरी घेतीलच, म्हणजे साडेपाचशे प्रती, असा हिशेब मी रद्दी कागदावर केला. कागद रद्दी होता हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

एका प्रकाशकांना विचारलं. ते फार सभ्य. "चित्रं छान आहेत. पण मोठ्यांसाठी आहेत की मुलांसाठी?" मी म्हटलं, मोठ्यांसाठी. "मग चित्रं कशाला?" असं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता.

मग नवऱ्याने क्राउडफंडिंग हा शब्द घरात आणला. त्याने किकस्टार्टरबद्दल वाचलं होतं: २००९ साली अमेरिकेत सुरू झालं, लोक आधी पैसे देतात, मग वस्तू बनते. तिथे मोहीम उघडता येणाऱ्या देशांच्या यादीत भारत सापडला नाही, म्हणून आम्ही इथलीच एक साइट धरली. नियम सोपा. रक्कम जाहीर करायची, ४५ दिवस मिळतात, तेवढ्यात पूर्ण झाली तर पैसे आपले, एक रुपया कमी पडला तर सगळे ज्याचे त्याला परत. मी १ लाख ६० हजार ठरवले.

आईला फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता.

"दोन पगार येतात ना गं घरात?"

"आई, हे मागणं नाही. लोक आधी पैसे देतात, मग—"

"म्हणजे मागणंच ना."

बाबांनी फोन घेतला. बाबा तळेगावचे, आणि तळेगावच्या माणसाला कुठूनही काचकारखान्यावर येता येतं. "अंताजी दामोदर काळे," ते म्हणाले. "माणशी एक पैसा गोळा करत हिंडले. पैसा फंड. टिळकांनी उचलून धरलं. १९०८ साली कारखाना उभा राहिला. तू काय नवीन करते आहेस?" मग त्यांना 'मंथन' आठवला. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून बेनेगलांना तो सिनेमा करून दिला, आणि नंतर हेच निर्माते ट्रक भरभरून तो बघायला गेले. मला एकदम बरं वाटलं. "पण त्यांच्याकडे म्हशी होत्या," मागून आईचा आवाज आला. "हिच्याकडे काय आहे?"

माझ्याकडे बोका होता.

मोहिमेला व्हिडिओ लागतो. दोन मिनिटं कॅमेऱ्यात बघून, मी कोण, हे पुस्तक का, तुम्ही पैसे का द्यावेत. मी सोळा वेळा केला. पहिल्या पाचांत आवाज ओलिसांसारखा आला. सहाव्यात कुकर. नवव्यात सासूबाई मागून साडीच्या निऱ्या सारख्या करत गेल्या आणि परत आल्या, कारण त्यांना वाटलं ते नीट आलं नाही. शेवटी जो टाकला त्यात 'तुमच्या पाठिंब्याशिवाय' म्हणताना मी खाली बघते आहे. लोकांना ते हृद्य वाटलं. मी खरं तर दुधाकडे बघत होते.

पहिल्या तीन दिवसांत पन्नास हजार जमले. मैत्रिणी, ऑफिस, आतेभाऊ, मामेभाऊ. चौथ्या दिवसापासून आकडा बसला तो बसलाच. नंतर कळलं की सगळ्या मोहिमांचं असंच असतं: सुरुवातीला उसळी, शेवटी उसळी आणि मध्ये वाळवंट. पण वाळवंटात असताना हे कोणी सांगत नाही. मी रात्री दोनला उठून फोन बघायची. एकदा पाचशे रुपये कमी झाले. कोणीतरी मन बदललं होतं. ते कोण, या विचारात मी पहाटेपर्यंत सगळं गणगोत चाळलं.

या काळात नवऱ्याने धीर द्यायला मला रिच बर्ल्यूची गोष्ट सांगितली. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' हे त्याचं वेबकॉमिक, काड्यांच्या माणसांचं. २०१२ साली जुनं पुस्तक पुन्हा छापायला त्याने ५७,७५० डॉलर मागितले आणि १४,९५२ लोकांनी मिळून त्याला साडेबारा लाख डॉलर दिले. "काड्यांची माणसं," नवरा म्हणाला. "तू तर हात, पाय, बोटं सगळं काढतेस." त्यापुढची गोष्ट त्याने सांगितली नाही, ती मीच वाचली. एवढ्या लोकांना कबूल केलेल्या भेटवस्तू पुऱ्या व्हायच्या आतच बर्ल्यूच्या हाताला दुखापत झाली आणि काम वर्षानुवर्षं लांबलं. मी त्या रात्री माझ्या भेटवस्तूंची यादी उघडून बघितली. पाचशेला पुस्तक. दीड हजाराला पुस्तक आणि 'तुमचं स्वतःचं व्यंगचित्र, लिफ्टच्या दारात'. दीड हजारवाले तोपर्यंत नऊ होते. मला वाटलं, फार तर बारा होतील.

मग निलाजरेपणा सुरू केला. सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लिंक टाकली. शाळेच्या ग्रुपवर सत्तावीस अंगठे आले. अंगठ्याचे पैसे होत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकल्यावर कोणीतरी उत्तरादाखल टाकी धुण्याचं वेळापत्रक टाकलं. आणि आत्या स्वतः घरी आली.

आत्याला कार्ड, ओटीपी, लिंक यातलं काही मान्य नाही. तिने हळदीकुंकवाचं बोट लावलेलं पाकीट माझ्या हातात ठेवलं. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. "पाचशे एक आहेत. पुस्तकाला. शून्यावर देऊ नये."

साइटवर पाचशे एक हा पर्यायच नव्हता. पाचशे, नाही तर दीड हजार. मी आत्याच्या नावाने पाचशे माझ्या कार्डावरून भरले, नोट पर्समध्ये टाकली आणि नाणं टेबलाच्या खणात. आता हा रुपया कुठे दाखवायचा? देणगी नाही, विक्री नाही, आगाऊ रक्कम नाही. मी सतरा वर्षं ताळेबंद जुळवते आहे. हा रुपया जुळला नाही. तो खणात पडून माझ्याकडे बघत राहिला.

शेवटच्या दोन दिवसांत खरंच उसळी आली. २६३ माणसं, १ लाख ६२ हजार ५००. घरात श्रीखंड आणलं. मग साइटचं कमिशन गेलं, त्यावर १८ टक्के जीएसटी गेला, आणि दीड हजारवाल्यांची संख्या मी नीट मोजली. एकतीस.

पण त्याआधी छापखाना. लोअर परळच्या एका गाळ्यात प्रेस, मालक साठीचे, चष्मा कपाळावर. मी टॅब पुढे केला. त्यांनी तो न बघता विचारलं, "पानं किती?"

"शंभर."

"शंभर नसतात. फर्मा म्हणजे घडी घातलेला ताव, तो सोळा पानांचा. शहाण्णव करा, नाही तर एकशे बारा."

चार पानं कापायची म्हणजे बोक्याची दिवाळी जात होती. मी एकशे बारा म्हटलं. बारा नवी पानं अंगावर घेतली.

"साइज?"

"चौकोनी."

त्यांनी चष्मा खाली घेतला आणि मला पहिल्यांदा नीट पाहिलं. "चौकोनीत कागद वाया जातो हो. डेमी करा, क्राउन करा." मी चौकोनीवर अडून बसले, कारण सगळी चित्रं चौकोनी होती. मग त्यांच्या मुलाने फाइली उघडल्या आणि "पप्पा" अशी हाक मारली. डॉक्टर रिपोर्ट बघून दुसऱ्या डॉक्टरला हाक मारतात, त्या आवाजात.

पहिल्या वर्षाची सगळी चित्रं मी इन्स्टाग्रामच्या मापाने काढली होती: १०८० बाय १०८० पिक्सेल. फोनवर देखणी. छपाईला मात्र इंचाला तीनशे ठिपके लागतात. १०८० भागिले ३००, म्हणजे ३.६ इंच. माझं एक वर्षाचं काम कागदावर पुरीएवढं होतं. "मोठं करून छापता येईल," मुलगा म्हणाला, "पण बोक्याला पायऱ्या दिसतील." चाळीस भाग मी पुन्हा काढले. तीन महिने गेले. पुन्हा काढताना एक फार वाईट गोष्ट कळते: आपण तीन वर्षांपूर्वी हात काढायचे नाहीत म्हणून सगळ्यांचे हात खिशात घातले होते. साडी नेसलेल्या काकूंचेसुद्धा.

मशीनप्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं त्या दिवशी मी रजा टाकली. बोका नारिंगी नव्हता. विटेच्या रंगाचा होता, तोही पावसाळ्यातल्या.

"हा असा का?"

"स्क्रीनवर उजेड असतो मॅडम. कागदावर शाई. चार कलरात तो नारिंगी बसत नाही." त्यांनी प्रूफ उजेडाकडे धरलं. "बोका चांगलाच आहे. तुम्ही फक्त कॉम्प्युटर बंद करून बघा."

मी बंद करून बघितलं. तरी वीट. शेवटी त्यांनी मॅजेंटा थोडा उतरवला आणि बोका भाजलेल्या भोपळ्यावर आला. तिथे आम्ही तह केला. प्रती किती, यावर मात्र मी हरले. तीनशे छापा म्हटलं तर म्हणाले, "प्लेटा तेवढ्याच, मशीन लावायचे कष्ट तेवढेच. पाचशेला प्रत किती स्वस्त पडते बघा." मी बघितलं. हिशेब बरोबर होता, म्हणूनच फसले.

शेवटच्या पानावर २६३ जणांची नावं. रकमेप्रमाणे लावली तर गणपतीच्या फलकासारखं दिसतं, म्हणून मी अक्षरांप्रमाणे लावली. आमच्या सेक्रेटरींचं आडनाव 'क्ष'ने सुरू होतं. ते शेवटून दुसरे आले. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयातून एक जाडजूड कोश घेऊन दारात. "हे बघा, यात क्ष हा क-मध्ये धरलाय. क आणि ष. आम्ही पहिल्या रकान्यात यायला पाहिजे." मी म्हटलं, शाळेत तक्त्यावर तो शेवटीच असायचा. "शाळेत बरंच काही असायचं," ते म्हणाले. पुस्तक चाळून झाल्यावर बाकी खूश होते. "यातला सेक्रेटरी हुबेहूब आहे हो. अगदी आमच्या आधीचा."

एकतीस व्यंगचित्रांसाठी लोकांनी फोटो पाठवले. एकाने पाठवलेल्या ग्रुप फोटोत चौदा माणसं होती आणि 'मी डावीकडून पाचवा, पण सगळेच घ्या' अशी सूचना. एकीने नाक लहान करायला सांगितलं, तिच्या नवऱ्याने वेगळ्या मेलवरून ते तसंच ठेवायला सांगितलं. नागपूरच्या एका बाईंनी वारलेल्या यजमानांचा फोटो पाठवला. "ह्यांना लिफ्टच्या दारात नको. लिफ्टला घाबरायचे. जिन्यात दाखवा, हातात पिशवी द्या." ते चित्र मी पहिल्या झटक्यात काढलं. बाकीच्या तिसांना दीड महिना लागला.

आणि मग पॅकिंग. याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण ते करून झाल्यावर लिहायला बोटं उरत नाहीत. हॉलमध्ये खोक्यांची भिंत, बबलरॅपचा रूळ, आणि मी, नवरा, सासूबाई रांगेत. सासूबाई प्रत्येक पुस्तक पाकिटात घालण्याआधी एकदा कपाळाला लावत होत्या. त्यामुळे वेग मंद. पत्ते तर वाचावेत असे. 'मारुतीच्या देवळासमोर, कोणालाही विचारा.' विचारायला मी कुरिअरवाल्याला कुठल्या तोंडाने सांगू? न्यू जर्सीच्या भाच्याने पाचशे रुपये भरले होते. तिथवर पाकीट पाठवायचा दर ऐकल्यावर मी त्याला फोन करून भारतात कधी येतो आहेस असं फार प्रेमाने विचारलं.

पॅकिंगच्या सहाव्या रात्री मला एका अमेरिकी वेबकॉमिककाराची बातमी आठवली. २०१२ साली पन्नास हजारांवर डॉलर जमले, बरीच पुस्तकं पाठवून झाली, आणि २०१४ साली त्याने उरलेल्यांतली १२७ पुस्तकं गल्लीत रचून जाळली आणि त्याचा व्हिडिओ पैसे देणाऱ्यांनाच पाठवला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं होतं, काय हा माणूस! त्या रात्री मी चिकटपट्टीचं टोक शोधत होते, जे तिसऱ्यांदा हरवलं होतं, आणि सासूबाईंनी समईची काडेपेटी कुठे ठेवली आहे हे मला नेमकं माहीत होतं.

जाळली नाहीत. उरलेल्या २३७ प्रती दिवाणात गेल्या. वर पाहुणे झोपतात. आठ-दहा प्रती मी लोकलच्या लेडीज डब्यात नेल्या, तर ठाणे यायच्या आत संपल्या. रोख, सुट्ट्यांसकट, आणि कोणी व्हिडिओ मागितला नाही. केसांच्या पिना विकणारी बाई मात्र म्हणाली, "ताई, हा डबा माझा आहे. तुम्ही पुढचा घ्या."

परवा जिन्यात चपला वाजल्या. नवऱ्याचा हात सवयीने दिव्याच्या बटणावर गेला. मी दार उघडलं.

मुलं इतकी दचकली की मागचा एक पायरी उतरला. पुढच्याने पावतीपुस्तक वर केलं, मग त्याला आठवलं आणि क्यूआर कोडचा कार्डबोर्ड पुढे केला. "काकू, यंदा पाचशेला प्रसादाचं पाकीट, हजारला एका आरतीचा मान." कानापर्यंत लाल झाला होता. नजर माझ्या खांद्यावरून आत, दुधाकडे बघावी तशी.

मी खण उघडला. पाचशेची नोट घेतली आणि वर ते नाणं ठेवलं.

त्याने पावती फाडली. पाचशे लिहिले होते.

"एक राहिला," मी म्हटलं.

"काकू, पुस्तकात पाचशेच बसतात. मग खजिनदार ओरडतो, जुळत नाही म्हणून."

"माहितीये," मी म्हटलं. "तरी लिही."