आधी टोपीवरचा ठसा बघा!

चाप ओढला की नुसतं "टक्". बार नाही, धूर नाही. पुढ्यात काजूच्या बागायतीत रानडुकरांचा कळप बोंडू तुडवत फिरतोय आणि शेतीरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची एकनळी बंदूक मुकी! हवेत एक आवाज झाला असता तरी कळप रानात पळाला असता.

आणि सकाळी ज्याला त्याला विचारावं तर उत्तर ठरलेलं: "काडतूस सर्दावलं असणार रे, आपला गोव्याचा पाऊस!" डोकं फिरतं हे ऐकून. अरे, आमच्या सत्तरी तालुक्यात पाऊस धो धो पडतो हे मलाही माहीत आहे. पण कागदी काडतुसं फुगायची तो जमाना गेला. आता कवच प्लास्टिकचं, बुडात पितळ, मधोमध घट्ट दाबून बसवलेली टोपी, म्हणजे पिनचा मार बसला की ठिणगी पाडून दारू पेटवणारी छोटी वाटी. कोरड्या डब्यात नीट ठेवलेलं काडतूस एका पावसाळ्यात मरत नाही. त्याला मारतं ते तेल! पावसाळा संपला की गंज सुटायचा स्प्रे नळीत, पिनच्या भोकात बदाबदा मारायचा, पुसायचं नाही, वर काडतूस भरून ठेवून द्यायचं. ते तेल टोपीच्या कडेने आत झिरपलं की आतला मसाला बाद होऊ शकतो. मग शिव्या पावसाला.

न उडालेलं काडतूस हातात घेऊन टोपीवरचा ठसा कोणी बघतं का? एक जण बघत नाही! ठसा मधोमध आणि चांगला खोल असेल आणि तरी बार झाला नसेल, तर संशय काडतुसावर घ्या. ठसा उथळ असेल, एका बाजूला सरकलेला असेल, तर दोष बंदुकीचा. स्प्रिंग मेलेली, पिनचं टोक झिजलेलं, भोकात जुनं तेल चिकटून घट्ट झालेलं, नाहीतर नळी जिथे उघडते तो सांधा इतका ढिला की काडतुसाच्या कडेमागे फट राहते आणि पिनचा मार पुरता पोचतच नाही. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं तर बहुतेक मार कमी पडतोय. पण नाही, आपण नवा डबा आणायला धावणार. परवान्यावर काडतुसांचा कोटा मोजून मिळतो, आणि दुकानदार सांगतो, "एकदा दिलेला माल परत घेत नाही."

बंदूक बिघडते कुठे, तेही सांगतो. १४ फेब्रुवारी २०२२ ला विधानसभेचं मतदान, ७ मे २०२४ ला लोकसभेचं. दोन्ही काजूच्या हंगामात! आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करा. जनावरं आचारसंहिता पाळतात का? माझी परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबडा गंज होता आणि पिन बोटाने ढकलली तरी अडकत होती. आणि पावतीवर काय? फक्त नंबर.

सगळ्यात जास्त संताप येतो तो "टक्" झाल्या झाल्या बंदूक सांध्यातून उघडून काडतूस बाहेर ओढणाऱ्यांचा. अरे बाबांनो, बार कधी कधी उशिरा होतो! नळी सुरक्षित दिशेला धरा, किमान ३० सेकंद थांबा, मगच उघडा. आणि आवाज नुसता "फुस्स" आला तर बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढचं काडतूस भरूच नका. आत गुल्ला (दारू आणि छऱ्यांमधला बूच) अडकला असेल तर नळी फाटेल, हात जाईल. चुलीजवळ काडतुसं "सुकवणारे" महाभागही आमच्याकडे आहेत. घरात लहान मुलं असतात रे!

बंदूक जमा करून घ्यायचीच असेल तर पिन, स्प्रिंग, नळी कशा अवस्थेत आहेत ते पावतीवर लिहा, आणि परत देताना तीच पावती समोर ठेवून माझ्यादेखत तपासून द्या. आणि दुकानदारांनी डब्यावरची तारीख दाखवून माल विकावा. खोल ठसा असलेलं फुसकं काडतूस मी काउंटरवर आणून ठेवलं, तर ते बदलून द्यावं.