पलीकडच्या काकूंचं ताट

गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या भाच्याने लांबलचक मजकूर टाकला. पलीकडच्या काकूंनी दरवर्षीप्रमाणे मोदकांचं ताट पाठवलं होतं आणि त्याने ते दारातूनच परत केलं होतं. मूर्तीपुढे ठेवलेला नैवेद्य ख्रिस्ती माणसाने खायचा नसतो, हे आता तरी आपल्या घरात कळलं पाहिजे. आपण नुसते रविवारचे ख्रिस्ती झालो आहोत, विश्वास रोजच्या जगण्यात दिसला पाहिजे, असं त्यात होतं. खाली अकरा जणांनी हात जोडले होते. मी इथे जर्मनीत, श्टुटगार्टला, वॉर्डवरची रात्रपाळी संपवून यू-बानमध्ये, म्हणजे शहरी गाडीत, बसले होते. शार्लोटनप्लाट्झ स्टेशन मागे गेलं तरी मी तेच वाचत होते.

रोजच्या जगण्यात विश्वास दिसला पाहिजे, हे मलाही मान्य आहे. मग तो दिसायला सुरुवात काकूंच्या ताटापासून का व्हावी?

आमचं गाव वसईतल्या निर्मळच्या जवळ. एका बाजूला होली क्रॉसचं चर्च, दुसऱ्या बाजूला शंकराचार्यांची समाधी आणि तळं. कार्तिकातल्या जत्रेला आम्ही ख्रिस्ती मुलंही जायचो, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन परत यायचो, आणि त्यात काही चुकतंय असं घरात कुणी म्हटलं नाही. पलीकडचे काका-काकू सामवेदी ब्राह्मण, आम्ही सामवेदी ख्रिस्ती. घरात दोघांची बोली एकच, कादोडी. आडनाव ऐकेपर्यंत परक्या माणसाला फरक कळायचा नाही. गणपतीत त्यांच्याकडून मोदक यायचे आणि नाताळात आमच्याकडून करंज्या जायच्या. त्या करंज्यांसाठी आईने वेगळी कढई ठेवली होती. वर्षातून दोन दिवस ती माळ्यावरून खाली यायची. त्या कढईत आमच्या घरात कधी मासा तळला गेला नाही. आई कोणत्याही प्रार्थनागटात नव्हती, पण दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी आपल्या स्वयंपाकघरात एक भांडं बाजूला ठेवायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी गटावर उत्तर लिहिलं. पहिल्या शतकात ग्रीसमधल्या करिंथमध्ये देवळांत बळी दिलेलं मांस बाजारात यायचं आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांना हाच प्रश्न पडला होता. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात लिहिलं की मूर्ती म्हणजे काही नाही, आणि अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे ठेवलेलं खा, चौकशा करू नका, असंही त्याने लिहिलं. बायबलमधल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला आठवा आणि दहावा अध्याय वाच, असं मी भाच्याला सांगितलं.

त्याने दहाव्यातलं पुढचंच वचन पाठवलं: हे अर्पण केलेलं आहे असं कुणी सांगितलं तर खाऊ नका. पोरगा वाचतो, हे मला मानावं लागलं. माझ्या वेळी आम्ही बायबल उघडायचो ते उपवासकाळात, आणि तेही फादरांनी सांगितलं म्हणून. पण ते वाक्य तिथे संपत नाही. सांगणाऱ्या माणसासाठी, त्याच्या विवेकासाठी खाऊ नका, असं पौल म्हणतो. माझ्या भावाला माझ्या खाण्याने ठेच लागणार असेल तर मी मांसच खाणार नाही, असं आठव्या अध्यायाच्या शेवटी आहे. त्याची सगळी काळजी समोरच्या माणसाची आहे. आणि इथे समोरचा माणूस म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या काकू, ज्या ताट झाकून, पदराने हात पुसत कुंपणाच्या फटीतून आल्या आणि तशाच परत गेल्या.

यावर तो म्हणाला, "आत्या, तुमच्या युरोपात चर्च रिकामी पडली ती याच उदारपणाने. तू आम्हाला विश्वास शिकवू नकोस."

तुमच्या युरोपात! सतरा वर्षं झाली मला इथे, पण हा शब्द अजून लागतो. इथल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मला विचारतात, तू ख्रिस्ती कधी झालीस? त्यांना मी सांगते की आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला आणि १८६२ साली संत झाला, म्हणजे तुमच्या या चर्चची पायाभरणी झाली त्याच्याही आधी. आणि घरी मी तुमच्या युरोपातली.

चर्च रिकामी आहेत, हे खरं आहे. माझ्या रविवारच्या मिस्साला चाळीसेक माणसं असतात, त्यातले निम्मे पोलिश, फिलिपिनो आणि केरळचे. २०२२ साली एका वर्षात ५ लाखांहून अधिक लोकांनी इथलं कॅथलिक चर्च सोडलं. त्यासाठी श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, जाऊन सही करावी लागते, आणि मग पगारपत्रकावरची चर्चकराची ओळ जाते. माझ्या पगारपत्रकावर ती अजून आहे, आयकराच्या आठ टक्के, आणि मी ती काढणार नाही. पण ही माणसं कुणाच्या घरचा नैवेद्य खाऊन विश्वासातून उठलेली नाहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघींनी सोडलं ते लहान मुलांवर चर्चमध्ये झालेले अत्याचार आणि ते वर्षानुवर्षं झाकले गेले म्हणून. आतल्या माणसांनी आतल्या माणसांचं पाप झाकलं. दारातून काय येतं यावर डोळे लावून बसलेल्यांनी याचा विचार करावा.

आणि इथे विश्वास जिवंत कुठे आहे तेही मी पाहिलं आहे. लिओनहार्ड चर्चमध्ये १९९५ पासून दर हिवाळ्यात वेस्परकिर्ख भरते. जानेवारीपासून काही आठवडे बाकांच्या जागी टेबलं लागतात आणि जो येईल त्याला गरम जेवण मिळतं. ते चर्च प्रोटेस्टंटांचं, मी कॅथलिक, आणि समोर थाळी घेऊन उभा असलेला कदाचित कुठलाच नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिथे वाढायला जाते. तुझा धर्म कोणता, हे मला तिथे कुणी विचारलेलं नाही आणि मीही कुणाला विचारलेलं नाही. माझ्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तुर्की कुटुंब आहे. रमजान संपला की बाई बक्लावाचा डबा आणते आणि मी तो दोन्ही हातांनी घेते. हे सगळं मी गटावर लिहिलं. आपल्याकडे धर्मग्रामाच्या सणाला डीजे लावायला, लग्नात कर्ज काढून हॉल घ्यायला, शेजारच्याच्या बांधावर फूटभर सरकायला कुणाचा विश्वास आड येत नाही, हेही लिहिलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते २०२० साली. अख्ख्या मराठी वाचकाने वसईच्या एका कॅथलिक धर्मगुरूला आपलं म्हटलं, आणि आपण काकूंना परकं करतो. २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले ती बातमी मी वॉर्डच्या चहाखोलीत वाचली आणि रडले. तेव्हा कुणासाठी रडतेस, हे तिथे कुणाला समजावता आलं नाही.

उत्तर यायला संध्याकाळ झाली. एकच ओळ होती. "आजीचं सगळं आम्ही केलं आत्या. मी आणि पप्पांनी. तू मोदकांचं बोल."

त्यानंतर मी गटावर काही लिहिलेलं नाही. इथे लिहिते आहे.

वडील गेले त्यानंतर दोन वर्षांनी दादाने वाडीचा रस्त्याकडचा अर्धा भाग बिल्डरला दिला. केळी गेल्या, पानवेल गेली, आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं पाण्याचं तळं, मातीने बुजलं. हक्कसोड पत्रावर मी सही केली होती, कुणी माझा हात धरून करून घेतली नव्हती. मला वाटलं होतं कागदावरच राहील, वाडी तशीच राहील. बावखलाच्या जागी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या कुंपणाचा फोटो कुणीतरी पाठवला, तेव्हा मी दादाला फोनवर म्हटलं, तू पप्पांना विकलंस. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत, सहा वर्षं, आमच्यात बोलणं नाही.

आई नंतर आजारी पडली. पक्षाघाताने उजवी बाजू गेली. चौदा महिने ती खाटेवर होती. मी तीन आठवड्यांची रजा काढून जाऊन आले. त्या तीन आठवड्यांत दादा आणि मी तिला एकत्र कूस वळवायला उचलायचो, आणि एकमेकांशी बोलायचो ते तिच्यामार्फत: आई, याला सांग पाणी गरम झालंय. माझा धंदाच हा आहे. दुसऱ्यांच्या आयांना मी रोज आठ तास उचलते, धुते, भरवते. दादा हे काम कुणाकडून शिकला, माहीत नाही. आईच्या पाठीवर चौदा महिन्यांत एक जखम झाली नाही. ते काय असतं, हे आमच्या वॉर्डवर कुणालाही विचारा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. जमिनीचे पैसे आईच्या औषधपाण्याला किती लागले, हेही कधी विचारलं नाही.

शेवटच्या रात्री मी इथे होते. काकूंनी फोन लावून आईच्या उशाशी टेकवून ठेवला होता. दादा पायाशी बसलेला दिसत होता. आईच्या डाव्या हातात जपमाळ होती, पण बोटं सरकत नव्हती, म्हणून काकू एकेक मणी तिच्या बोटांतून पुढे सरकवत होत्या आणि तोंडाने नमो मरिया म्हणत होत्या. आमच्या ओट्यावर इतकी वर्षं संध्याकाळी ऐकून त्यांना ती पाठ झाली होती. मधेच अडकल्या की दादा पुढचे शब्द सांगायचा. भाचा दाराला टेकून उभा होता, सोळा वर्षांचा. ताट दारातून परत गेलं, ते त्या दारातून.

म्हणून मला राग आला. आणि म्हणूनच त्याच्या त्या एका ओळीला माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या महिन्यात रात्रपाळीत आमचा एक म्हातारा गेला. चर्च त्याने तिशीतच सोडलेलं, मुलीने पाद्री नको म्हणून लिहून दिलेलं. पहाटे तीनला त्याने माझं मनगट धरलं आणि फाटरउन्झर, म्हणजे "हे आमच्या स्वर्गातील बापा" ही प्रार्थना, म्हणायला लागला. शब्द विसरायचा, मी पुढे सांगायचे. "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" या ओळीवर तो थांबला आणि मीही थांबले. त्याला शब्द आठवत नव्हते म्हणून तो थांबला असेल. मला तर दोन भाषांत पाठ आहेत. सहा वर्षं मिस्सात त्या ओळीवर मी नुसते ओठ हलवते, आणि मग उठून शेजारच्या बाकावरच्या, जिचं नाव मला ठाऊक नाही अशा बाईला शांतीचा हात देते.

वेदीपुढे अर्पण घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात हे आहे, भाच्याला सांगायची गरज नाही. यात भावाच्या मनात काय आहे हे विचारलंय. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, याची यादी मी सहा वर्षं बाळगली. त्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय असेल, याचा विचार मी पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचा हात सोडवताना केला. इथे वेस्परकिर्खमध्ये अनोळखी माणसाला सूप वाढायला मला काही जड जात नाही. त्याने माझी वाडी विकलेली नसते, आणि मी त्याच्या आईला चौदा महिने टाकून आलेली नसते.

भाच्याचं म्हणणं मला अजूनही पटलेलं नाही. काकूंच्या घरी जाऊन त्याने ते ताट मागून घ्यावं, असं मला वाटतं आणि मी ते त्याला सांगणार आहे. पण तो गावात राहून चुकतो आहे, काकूंच्या कुंपणापलीकडे. उद्या त्या पडल्या तर उचलायला तोच धावेल. मी बरोबर आहे, पण साडेसहा हजार किलोमीटरवरून.

परवा त्याला वेगळा निरोप पाठवला. आजीची करंज्यांची कढई आहे का अजून, एवढंच विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. "माळ्यावर आहे. मम्मीने एकदा मासे तळायला काढली होती, पप्पांनी हातातून घेऊन परत वर ठेवली."

नाताळचं तिकीट काढलं आहे. दादाला अजून फोन केलेला नाही.