'लोक काय म्हणतील' मधले लोक आपणच

जानेवारी आला की आपल्या चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अमेरिकेतले व्हिडिओ सुरू होतात. वॉशिंग्टनच्या कडाक्याच्या थंडीतला गर्भपातविरोधी मोर्चा, हातात फलक, गिटार घेतलेली कॉलेजची मुलं. खाली आपली माणसं हात जोडल्याच्या इमोजी टाकतात आणि 'आमेन' लिहितात. मी स्वतः गर्भपाताच्या विरोधात आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये 'तू नक्की कॅथलिक आहेस ना?' हे विचारायचे कोणाचे कष्ट नकोत. पोटातलं लेकरू हे लेकरूच, ही चर्चची शिकवण मला पटते, नुसती पाठ आहे म्हणून नाही.

पण वसईत बसून अमेरिकेची लढाई लढायची म्हणजे काय करायचं, हे मला कोणी समजावून सांगेल का?

तिकडे १९७३ साली कोर्टाने गर्भपाताचा हक्क दिला, २०२२ साली त्याच कोर्टाने तो काढून घेतला. मधली पन्नास वर्षं दोन पक्षांनी त्यावर निवडणुका लढवल्या. आपल्याकडे असं काही झालंच नाही. आपला १९७१चा कायदा आला तो शांतिलाल शाह समितीच्या अहवालावरून. हे शाह महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. चोरून होणाऱ्या गर्भपातात बायका मरत होत्या हे एक कारण, आणि लोकसंख्येची धास्ती तर सगळ्यांनाच होती. फारशी खळखळ न होता कायदा झाला. आजही कुठला पक्ष या मुद्द्यावर मतं मागत नाही. २०१८मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये एक अभ्यास आला होता. २०१५ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, आणि त्यातले जवळपास ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे मेडिकलमधून पाकीट आणायचं आणि बाथरूमची कडी लावून घ्यायची. कुठल्या दवाखान्यासमोर रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणणार आपण?

आपल्याकडे खरी लढाई झाली ती मुलींसाठी, आणि ती बऱ्याच अंशी स्त्रीवादी बायकांनी लढली. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा केला. तरी २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८०७. २०१७मध्ये सांगलीजवळ म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले, तेव्हा आपल्या ग्रुपवर एकही 'आमेन' आलं नव्हतं. असो.

मला बोलायचंय ते आपल्या गावांबद्दल. अविवाहित मुलगी गरोदर राहिली की आपल्याकडे काय होतं, ते तुम्हालाही माहीत आहे. एकच गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही, घेऊ नये. मुलाच्या घरच्यांनी हात वर केले. मुलीच्या आईला सगळ्यात आधी सल्ला आला तो माळेच्या प्रार्थनेला पुढे बसणाऱ्या एका मावशीकडून: "अजून फार दिवस गेले नाहीत ना? मग करून टाका क्युरेटिंग. कोणाला कळणार आहे?" तीच मावशी दर पहिल्या शुक्रवारी न जन्मलेल्या बाळांसाठी मेणबत्ती लावते. आणि ती ढोंगी नाही हो, हेच तर अवघड आहे. तिला त्या मुलीची खरोखर काळजी होती. गाव काय करेल हे तिला पक्कं माहीत होतं.

मुलीने ऐकलं नाही. बाळ ठेवलं. मग गावाने ते सगळं केलं जे मावशीला माहीत होतं. तिला चर्चच्या गायनवृंदातून 'थोडे दिवस आराम कर' असं सांगण्यात आलं, तो आराम अजून चालू आहे. बाप्तिस्मा आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारी, दारं अर्धी लोटून. गॉडमदर, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाची धर्ममाता, व्हायला दोघींनी नकार दिला. फोटोग्राफर नाही. केक घरी कापला, तोही शेजाऱ्यांना न बोलावता. बाळाच्या बापाचं पुढच्याच हंगामात मंडप घालून, ब्रास बँड लावून लग्न झालं. तुम्ही-आम्ही सगळे जेवलो. मटण छान होतं म्हणे.

आता त्या गावातल्या बाकीच्या पोरींनी यातून काय शिकायचं? बाळ ठेवलंस तर आयुष्यभर दिसेल, आणि गोळी घेतलीस तर कोणाला काही दिसणार नाही. हा धडा त्यांना कुठल्या डॉक्टरने दिला नाही की सरकारने. आपण दिला. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात, चहाचे कप हातात धरून.

आणि हे माझं एकटीचं डोकं नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी 'इव्हांजेलियुम व्हीटे' हे परिपत्र काढलं. गर्भपाताविरुद्ध याहून कडक शब्दांत क्वचितच कोणी लिहिलं असेल, मोर्चावाले त्यातलीच वाक्यं फलकांवर लिहितात. पण त्याचा ५९वा परिच्छेद कोणी फलकावर लिहीत नाही. तिथे पोप म्हणतात की हा निर्णय बऱ्याचदा एकट्या आईचा नसतो. आधी बाळाच्या बापाचं नाव घेतात: दबाव टाकणारा, किंवा तिला एकटं टाकून जाणारा. मग घरच्यांचं, मित्रमंडळींचं. ९९व्या परिच्छेदात ते गर्भपात केलेल्या बायकांशी थेट बोलतात, आणि तो सूर न्यायाधीशाचा नाही. तुझ्या निर्णयामागे काय काय असू शकतं हे चर्च जाणून आहे, आशा सोडू नकोस, असं सांगतात. आपल्या प्रवचनांत हे दोन परिच्छेद मी अजून ऐकलेले नाहीत. कोणी ऐकले असतील तर जरूर सांगा, मला आनंदच होईल.

गर्भपाताच्या पापाची क्षमा द्यायचा अधिकार २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी जगातल्या सगळ्या धर्मगुरूंना कायमचा दिला. डिसेंबर २०२३मध्ये तर व्हॅटिकनहून खास एकट्या मातांबद्दल पत्र निघालं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका बिशपांनी कळवलं होतं की आमच्याकडे अशा आया लोकांच्या आणि धर्मगुरूंच्या कडकपणाला घाबरून कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घ्यायलाच येत नाहीत. उत्तर आलं की ज्यांनी बाळाला जन्म द्यायचं धाडस केलं त्यांना चर्चपासून दूर ढकलू नका, उलट त्यांना जवळ करा. आणि बाप्तिस्म्याचं म्हणाल तर चर्चच्या कायद्यात आई-बापापैकी एकाची संमती पुरते. मधला वार आणि अर्धी लोटलेली दारं ही कलमं आपल्या गावाची.

ग्रुपवर ज्या विषयाला आपण हात लावत नाही तो सविता हलप्पनवरचा. आपल्या बेळगावची मुलगी, दंतवैद्य, नवऱ्यासोबत आयर्लंडमधल्या गॉलवेत राहत होती. ऑक्टोबर २०१२. सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. तिने गर्भपात मागितला. बाळाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. 'हा कॅथलिक देश आहे' हे वाक्य तिला एका दाईने ऐकवलं, पुढे चौकशीत त्या दाईने ते कबूलही केलं. २८ ऑक्टोबरला जंतुसंसर्ग रक्तात भिनून सविता गेली. ३१ वर्षांची होती. देखरेखीत आणि उपचारांत किती ढिलाई झाली हे नंतरच्या अहवालात आलं. कायद्याची भीतीही होतीच. त्यानंतर महिनाभरात आयर्लंडच्या बिशपांनी निवेदन काढलं की आईच्या जिवापेक्षा बाळाचा जीव वरचढ असं चर्चने कधीच शिकवलेलं नाही. शिकवण म्हणून ते बरोबरच आहे. आईच्या आजारावरच्या उपचारात बाळ वाचलं नाही तरी तो उपचार करता येतो, हे कॅथलिक नीतिशास्त्रात जुनं आहे. पण सविताच्या खाटेपर्यंत ती शिकवण पोचली नाही, पोचला तो 'कॅथलिक देश'. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून अधिक आयरिश लोकांनी गर्भपातावरची बंदी उठवायला कौल दिला, त्याचं आपल्याला नवल वाटायला नको.

अमेरिकेचा एक किस्सा मात्र मीही फॉरवर्ड करते. २०२० साली तिथल्या कॅथलिकांच्या एका मोठ्या प्रार्थना-न्याहारीत ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, विल्यम बार यांचा सत्कार झाला. गर्भपाताचे विरोधक. त्यांच्याच खात्याने जुलै २०२० ते जानेवारी २०२१ या काळात १३ जणांचा मृत्युदंड अमलात आणला, मृत्युदंड अस्वीकार्य आहे असं २०१८मध्येच चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात लिहिलं गेलेलं असताना. २०२५ साली उलटं झालं. शिकागोच्या धर्मप्रांताने सिनेटर डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल पुरस्कार जाहीर केला, ते गर्भपाताच्या हक्काचे समर्थक, मग गदारोळ झाला. पोप लिओ स्वतः शिकागोचे. पत्रकारांनी विचारल्यावर ते म्हणाले की गर्भपाताला विरोध आणि मृत्युदंडाला पाठिंबा, हे काही खरं प्रो-लाइफ (जीवनाच्या बाजूचं) नव्हे, आणि स्थलांतरितांना अमानुष वागवणं पटणाराही प्रो-लाइफ आहे की नाही, कोण जाणे. डर्बिन यांनी त्याच दिवशी पुरस्कार नाकारला. ग्रुपवर हे टाकलं तेव्हा वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, इमोजी आल्या नाहीत.

जीवनाचं मूल्य म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी परळच्या केईएम रुग्णालयाकडे बोट दाखवते. तिथलीच नर्स अरुणा शानबाग तिथे १९७३मध्ये तिच्यावर झालेल्या हल्ल्यापासून २०१५पर्यंत पडून होती. तिला कालवलेलं अन्न भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या नर्सेसच्या पिढ्या बदलल्या. इतक्या वर्षांत तिला एकदाही शय्याव्रण (पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात नोंद घेतली. तिचं जवळचं माणूस कोण, तर केईएमचे कर्मचारी, असंही न्यायालयानेच ठरवलं. त्यातल्या कितीजणी मिस्साला जात होत्या हे कोणी विचारलं नाही.

तर आता कामाचं. लग्नाशिवाय आई झालेल्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५च्या निकालाने मुलाचं एकटीने पालकत्व दिलंय, बापाला नोटीस न पाठवता. ती याचिका एका ख्रिस्ती आईचीच होती. जन्मदाखलाही एकट्या आईच्या प्रतिज्ञापत्रावर मिळतो. बाळ सांभाळणं खरंच शक्य नसेल तर बाल कल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं, आणि मन बदलायला ६० दिवस असतात. हे आपल्या विवाहपूर्व शिबिरात सांगत नाहीत, धर्मशिक्षणाच्या नववी-दहावीच्या वर्गात तर नाहीच नाही.

आमच्या पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीकडे, मी लेखी मागणी केली आहे. चर्चच्या सणाच्या वर्गणीतून एक रक्कम बाळंतपणासाठी बाजूला काढायची, कोणाला दिली हे फक्त फादर आणि एका सिस्टरला माहीत. आणि बाप्तिस्मे सगळे रविवारीच, सगळ्यांचे. पहिल्या मुद्द्यावर 'बजेट बघू' असं उत्तर आलंय. दुसऱ्यावर चर्चा पुढच्या बैठकीत आहे. त्या दिवशी कौन्सिलमधल्या तुमच्या ओळखीच्या माणसांना आधी फोन करून ठेवा. आणि कोणाला गॉडमदर मिळत नसेल तर मला इनबॉक्स करा, मी येते, साडी नेसून, फोटोग्राफर घेऊन.